तोफेचा डोळा आणि तोफेची वाचा

मराठीत 'गोलंदाज' म्हटले की आज क्रिकेटचे मैदान डोळ्यांपुढे येते. पेशवाईच्या कागदपत्रांत मात्र हा शब्द तोफ चालवणाऱ्या माणसाचा आहे. 'पल्ला', 'टप्पा', 'मारा', 'भडिमार', 'सरबत्ती' हे शब्दही तोफाबंदुकांच्या संगतीत वावरलेले; पुढे ते खेळात, वर्तमानपत्रांत आणि सभागृहांत स्थिरावले. प्रश्नांची सरबत्ती करणाऱ्या वार्ताहराच्या हातात आता बत्ती नसते. शब्दांनी घर बदलावे यात वावगे काहीच नाही. पण तोफखान्याचे शब्द आपल्याकडे असे अलंकारिक होत असताना प्रत्यक्ष तोफखान्यात एक मोठा भाषिक बदल घडत होता. विसाव्या शतकात तोफ चालवणे हे मुख्यतः बघण्याचे आणि बोलण्याचे काम झाले. बघणारा एक, तोफ डागणारा दुसरा, आणि दोघांच्या मध्ये कित्येक मैलांचे अंतर. ते अंतर केवळ शब्दांनी भरून काढायचे होते.

प्रस्तुत लेखात या बदलाचा मागोवा मी एका हवाई पथकाच्या इतिहासातून घेणार आहे. ब्रिटिश हवाई दलाचे ६५६ क्रमांकाचे स्क्वाड्रन हे ते पथक. तोफांसाठी आकाशातून लक्ष्य हेरणे हे त्याचे काम. ते १९४३ साली मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले, देवळालीला सराव करून ब्रह्मदेशाच्या जंगलात गेले, आणि त्याच जातीच्या दुसऱ्या एका पथकातून पुढे भारतीय स्थलसेनेचे स्वतःचे हवाई दल जन्माला आले. साहित्याच्या प्राध्यापकाने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. ज्याला दिसत नाही त्याला नेमके सांगणे हा आपल्याही व्यवसायाचा गाभा आहे, आणि हे काम इतक्या कडक कसोटीला क्वचितच कुठे लागले असेल, एवढेच माझे उत्तर आहे.

तोफ आंधळी का झाली

जुन्या काळी गोलंदाजाला जे दिसे, तेच तो मारी. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा असोत की महादजी शिंद्यांच्या कंपूच्या, समोर शत्रू दिसायचा, नेम धरायचा आणि बत्ती द्यायची. नजर आणि नेम एकाच माणसाकडे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आटे पाडलेल्या नळ्या आल्या, धूर न होणारी दारू आली, पल्ला वाढला आणि हे चित्र पालटले. उघड्यावर मांडलेली तोफ आता शत्रूच्या तोफांना सहज बळी पडू लागली. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धाने हा धडा साऱ्या जगाला दिला. तोफा टेकडीच्या आड गेल्या. त्या सुरक्षित झाल्या, पण आंधळ्याही झाल्या.

आडोशाच्या तोफेला कोणीतरी डोळे उसने द्यावे लागतात. म्हणून पुढे, उंचावर, निरीक्षक बसू लागला. त्याच्या जागेला सैन्यात ओपी म्हणतात. आपण निरीक्षण चौकी म्हणू. तिथून तो गोळा कुठे पडला ते पाहतो आणि मागे कळवतो. परंतु सपाट मुलखात किंवा दाट रानात उंच जागा मिळायची कुठून? मग निरीक्षक हवेत गेला. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६१ साली थॅडियस लो याने बलूनमधून तारेने संदेश पाठवून तोफांना दिशा दिली होती. विमान आल्यावर हे काम विमानाकडे जाणार हे उघडच होते.

घड्याळाची लिपी

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, सप्टेंबर १९१४ मध्ये, फ्रान्समधल्या एन नदीकाठच्या लढाईत ब्रिटिश वैमानिकांनी बिनतारी यंत्राने तोफांना संदेश दिले. यंत्र एकतर्फी होते. विमानातून खाली संदेश जाई, खालून वर येत नसे. तोफांच्या तुकडीला काही सांगायचे असेल तर जमिनीवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या ठरलेल्या आकारात अंथराव्या लागत. वरचा टकटक करून बोले, खालचा कापडाने उत्तर देई.

अशा संवादात शब्द मोजून वापरावे लागतात. त्यासाठी लुईस नावाच्या अधिकाऱ्याने घड्याळाची युक्ती काढली. लक्ष्य म्हणजे घड्याळाचा मध्यबिंदू, बाराचा आकडा म्हणजे उत्तर. मध्यबिंदूभोवती काल्पनिक वर्तुळे आणि प्रत्येक वर्तुळाला एक अक्षर. वाय म्हणजे १० यार्ड, झेड म्हणजे २५, ए म्हणजे ५०, बी म्हणजे १००, सी म्हणजे २००, आणि तसेच पुढे एफ म्हणजे ५०० पर्यंत. 'बी ९' एवढा संदेश आला की तुकडीला कळे, गोळा लक्ष्याच्या पश्चिमेला १०० यार्डांवर पडला आहे. एक अक्षर आणि एक आकडा यांत संपूर्ण वाक्य. आपल्या सूत्रकारांनाही ही काटकसर आवडली असती.

या पद्धतीचे व्याकरण मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. वैमानिक फक्त निवेदन करतो: 'गोळा अमुक ठिकाणी पडला.' पुढे तोफ किती वळवायची, किती उचलायची, हे खालचा अधिकारी ठरवतो. पाहणाऱ्याला निर्णयाचा हक्क नाही आणि निर्णय घेणाऱ्याला दिसत नाही. वैमानिक उड्डाणाच्या शिस्तीतला, तोफा तोफखान्याच्या. एकाने दुसऱ्याची भाषा परकी म्हणून शिकायची, असा हा मामला होता. लढाई एका जागी खिळलेली असेपर्यंत तो चालला.

गोलंदाजाला उडायला शिकवा

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विमाने वेगवान झाली, महाग झाली, आणि तोफखान्यापासून दूर गेली. हवाई दलाला आपल्या वैमानिकांनी स्थलसेनेची चाकरी करावी हे फारसे रुचत नव्हते. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या तोफखान्याच्या काही अधिकाऱ्यांनी हौसेने विमान चालवायला सुरुवात केली. १९३४ साली त्यांचा एक फ्लाइंग क्लबही निघाला. त्यांच्यात चार्ल्स बेझली हा अधिकारी होता. त्याने एक सरळ प्रश्न लावून धरला: वैमानिकाला तोफखान्याची विद्या शिकवण्यापेक्षा गोलंदाजालाच उडायला का शिकवू नये?

त्याच्या कल्पनेतले विमान लहान, स्वस्त आणि संथ होते. शेतातल्या पट्ट्यावर उतरेल, झाडाखाली लपेल, तोफांच्या शेजारीच राहील. शत्रूच्या मुलखावर ते जाणारच नव्हते. आपल्याच तोफांच्या आसपास, कमी उंचीवर थोडा वेळ वर यायचे, गोळे पाडून घ्यायचे आणि खाली उतरायचे. विमान म्हणजे जणू हलती टेकडी. हवाई दलाचा आक्षेपही तितकाच सरळ होता. असे निःशस्त्र, संथ विमान शत्रूची लढाऊ विमाने चुटकीसरशी पाडतील.

१ फेब्रुवारी १९४० रोजी प्रयोगासाठी 'डी फ्लाइट' नावाची छोटी तुकडी उभी राहिली आणि ती फ्रान्सला गेली. तिची परीक्षा पुरी होण्याआधीच मे महिन्यात जर्मन फौजा घुसल्या आणि तुकडी परतली. पण कल्पना टिकली. १ ऑगस्ट १९४१ रोजी ओल्ड सेरम येथे ६५१ क्रमांकाचे पहिले हवाई निरीक्षण पथक स्थापन झाले. नोव्हेंबर १९४२ मध्ये ते उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेत उतरले आणि तिथे आक्षेपाचे उत्तर मिळाले. चपळ वैमानिक जमिनीलगत गिरक्या घेत वेगवान शत्रूलाही चुकवू शकत होता.

या पथकांची घडण तडजोडीची होती. विमाने हवाई दलाची, पथकाचा क्रमांक हवाई दलाच्या यादीतला, विमानांची देखभाल करणारे कारागीर हवाई दलाचे. वैमानिक मात्र तोफखान्याचे अधिकारी, आणि वाहने चालवणारे व बिनतारी सांभाळणारेही तोफखान्याचे. बहुतेक पथकांनी ऑस्टर नावाचे विमान वापरले. ते इंग्लंडमधल्या लेस्टरशायरात बनत असे. ऑस्टर हे दक्षिणेच्या वाऱ्याचे लॅटिन नाव. वरच्या बाजूला पंख असल्याने खालचे सगळे दिसे. वेग ताशी जेमतेम १३० मैल. शस्त्र एकही नाही.

या घडणीने मूळ व्याकरणच बदलले. आता वरचा माणूस 'गोळा शंभर यार्ड पश्चिमेला पडला' असे निवेदन करत नव्हता. तो 'उजवीकडे घ्या, पल्ला वाढवा, पुन्हा' अशी आज्ञा देत होता. निवेदनाच्या जागी आज्ञार्थ आला. ज्याला दिसते त्यालाच निर्णयाचा अधिकार मिळाला. या पथकांची खरी नवलाई विमानात नव्हती, या अधिकारात होती, असे मला वाटते.

एका गोळ्याचे व्याकरण

ही आज्ञा कशी चाले, ते थोडे उलगडून पाहू. त्या काळच्या ब्रिटिश आणि भारतीय फौजांची मुख्य तोफ म्हणजे २५ पौंडी. तिचा पल्ला १३,४०० यार्ड, म्हणजे सुमारे १२ किलोमीटर. एका रेजिमेंटमध्ये अशा २४ तोफा. वैमानिक एकटाच असे. एका हाताने विमान, मांडीवर नकाशा, तोंडाशी बिनतारी. लक्ष्य दिसले की तो नकाशावरचे आकडे सांगतो. एक तोफ एक गोळा सोडते आणि 'सुटला' असे कळवते. पल्ला लांब असेल तर गोळा पोहोचायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागते. तेवढ्यात वैमानिकाने विमान अशा बेताने वळवायचे की गोळा फुटण्याच्या क्षणी नजर लक्ष्यावर असेल.

समजा, गोळा लक्ष्याच्या पलीकडे पडला. तो किती पलीकडे पडला याचा अंदाज वरून फसवा असतो, पण 'पलीकडे' आणि 'अलीकडे' यांत चूक होत नाही. म्हणून तो सांगतो, '४०० कमी.' दुसरा गोळा अलीकडे पडला, तर लक्ष्य या दोन गोळ्यांच्या मध्ये सापडले. मग '२०० वाढवा', मग '१०० कमी'. अंतर दर वेळी निम्मे होत जाते आणि लक्ष्य चिमटीत येते. आपण शब्दाची नेमकी छटा शोधतो तेव्हा असेच करतो. हा शब्द जरा जास्त झाला, तो जरा कमी पडला, आणि दोहोंच्या मध्ये हवा तो सापडतो. नेम पहिल्याच फटक्यात साधत नाही. आपली चूक कोणत्या बाजूला आहे हे ओळखून तो साधतो.

चिमटी पुरेशी लहान झाली की सगळ्या तोफा एकदम बोलतात. इथे एका शब्दाचे वजन कळते. 'माइक टार्गेट' असे तीनदा म्हटले की रेजिमेंटच्या २४ तोफा एका ठिकाणी वळत. 'अंकल टार्गेट' म्हटले की डिव्हिजनच्या ७२ तोफा. 'व्हिक्टर' म्हणजे कोअरच्या सगळ्या. माइक, अंकल, व्हिक्टर ही खरे तर एम, यू, व्ही या अक्षरांची नावे. आवाजाच्या गोंधळात अक्षर चुकीचे ऐकू जाऊ नये म्हणून त्यांना अशी नावे दिलेली. तीनदा म्हणण्याचे कारणही तेच. अधिकार असलेल्या माणसाने घरातल्या काकाला हाक मारावी तसा शब्द उच्चारला, की मैलांवरच्या दरीत ७२ गोळे एका वेळी पडत.

यात आकड्याची चूक परवडत नाही. 'वाढवा' ऐवजी 'कमी' गेले तर गोळे आपल्याच पायदळावर पडू शकतात. आणि आकडा बरोबर असला तरी खाली काय होते ते वैमानिकाला दिसते. तोफेजवळचा गोलंदाज आपल्या गोळ्याने काय केले ते पाहत नाही, बोलणारा पाहतो. आपल्या शब्दाचा परिणाम इतक्या थेट पाहावा लागणारे बोलणारे जगात थोडेच असतील. या इतिहासाचे कौतुक करताना हे विसरू नये, कारण या सगळ्या नेमकेपणाचे टोक माणसांवरच रोखलेले होते.

देवळालीहून ब्रह्मदेशाकडे

६५६ क्रमांकाचे पथक ३१ डिसेंबर १९४२ रोजी इंग्लंडमधील वेस्टली येथे स्थापन झाले. मेजर डेनिस कॉइल हा तोफखान्याचा अधिकारी त्याचा प्रमुख होता. ऑगस्ट १९४३ मध्ये पथक भारताकडे निघाले, मुंबईला उतरले, जुहूच्या धावपट्टीवर थांबले आणि तिथून देवळालीला गेले. नाशिकजवळचा देवळालीचा माळ म्हणजे तोफखान्याचे शिक्षण देणारे ठिकाण. तोफखान्याची शाळा आजही तिथे आहे.

देवळालीचे नाव इंग्रजीत मात्र वेगळ्याच कारणाने गेले आहे. तिथल्या छावणीत मायदेशी परतणारे गोरे सैनिक जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून असत. काम नाही, ऊन फार, दारू भरपूर. त्यांच्या भ्रमिष्टपणाला त्यांनीच 'देवळाली ताप' असे नाव दिले, आणि त्यातून इंग्रजीत 'डूलॅली' हे विशेषण रूढ झाले. अर्थ, डोके फिरलेला. यातला 'ताप' आपलाच. कंटाळलेल्या माणसांच्या तोंडी आपल्या गावाच्या नावाचे वेडे रूप झाले, आणि त्याच गावी ६५६ पथकाची माणसे एकेक शब्द तोलून बोलण्याचा सराव करत होती. देवळालीच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी आहेत. इंग्रजी कोशाने त्यांतली एकच नोंदवली.

१९४४ च्या आरंभी पथक ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले. जनरल विल्यम स्लिम यांच्या चौदाव्या सेनेत भारतीय सैनिकांचा भरणा मोठा होता. युरोपात अशा हवाई पथकांपैकी साधारण एका कोअरला एक पथक मिळे. इथे संपूर्ण सेनेला हे एकच. त्यामुळे पथकाच्या तीन तुकड्या तीन कोअरांमध्ये वाटल्या गेल्या. आराकानच्या किनाऱ्यापासून इंफाळ आणि कोहिमाच्या डोंगरांपर्यंत पसरलेल्या त्या आघाडीवर प्रमुखाला आपलीच माणसे एकत्र पाहायला मिळणे मुश्कील होते.

जंगलाने नेहमीची विद्या उलटीपालटी केली. नकाशे अपुरे होते आणि डोंगर एकासारखे एक. फुटलेला गोळा पानांच्या छताखाली गडप व्हायचा, म्हणून धूर सोडणारे गोळे टाकून तो धूर झाडांतून वर झिरपण्याची वाट पाहावी लागे. पावसाळ्यात ढग दऱ्यांत उतरत आणि उतरण्याच्या पट्ट्यांचा चिखल होई. जमिनीवरच्या निरीक्षकाला दहा पावलांपुढचे दिसत नसे. म्हणून आकाशातल्या त्या एकट्या डोळ्याचे मोल फार वाढले. लक्ष्य हेरण्यापलीकडे टेहळणी करणे, अधिकाऱ्यांना नेणे, संदेश पोहोचवणे ही कामेही ऑस्टर करत. आणखी एक गोष्ट सर्वच आघाड्यांवर अनुभवाला आली. ऑस्टर हवेत दिसले की शत्रूच्या तोफा गप्प बसत, कारण तोफ उडाली की तिची जागा कळणार आणि मिनिटांत तिच्यावर गोळे पडणार. म्हणजे हे विमान काही न बोलता नुसते घिरट्या घालत राहिले, तरी त्याचे काम चालूच असे.

याच मोहिमेत मराठी मुलखातले जवानही होते. मार्च १९४४ मध्ये इंफाळच्या ईशान्येला सांगशाक येथे जी झुंज झाली, तीत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. बेळगावच्या केंद्रातून तयार झालेली ही माणसे. पायदळाच्या जवानाला तोफांचे हे बिनतारी बोलणे ऐकू येत नसे. त्याच्यापर्यंत पोहोचे तो या बोलण्याचा शेवट, म्हणजे डोक्यावरून सूं करत जाणारा आपल्या बाजूचा गोळा. तो योग्य ठिकाणी पडावा यासाठी वर कोणीतरी नेमके बोलत असायला हवे, एवढे त्याला पक्के ठाऊक होते.

१९४५ साली चौदावी सेना मंडाले घेऊन रंगूनकडे गेली आणि पथकही तिच्याबरोबर गेले. युद्ध संपल्यावर ते मलाया आणि जावाकडे हलले, काही काळ विसर्जित झाले, आणि १९४८ मध्ये मलायातल्या बंडाच्या काळात पुन्हा उभे राहिले. १९५७ साली ब्रिटनने स्थलसेनेचे स्वतंत्र हवाई दल निर्माण केले तेव्हा हे पथक त्यात गेले. क्रमांक आजही तोच आहे. विमान मात्र अपाची हेलिकॉप्टर.

फाळणीतला वाटा

भारताची कथा ६५९ क्रमांकाच्या भगिनी पथकातून पुढे जाते. १९४३ मध्ये स्थापन झालेले हे पथक १९४४ साली नॉर्मंडीत लढले आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये भारतात आले. १४ ऑगस्ट १९४७ रोजी ते विसर्जित झाले. फाळणीत टेबलखुर्च्यांपासून ग्रंथालयांपर्यंत सगळ्याची वाटणी झाली, तशी या पथकाच्या साहित्याचीही झाली. एका वाट्यातून भारताची पहिली हवाई निरीक्षण तुकडी उभी राहिली, दुसऱ्यातून पाकिस्तानची. एकाच वर्गात एकच बोली शिकलेली माणसे अशी दोन बाजूंना गेली, आणि काश्मीरच्या १९४७-४८ च्या युद्धात भारताच्या या नव्या तुकडीची ऑस्टर विमाने उडाली.

पुढे बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने याच कामासाठी देशी विमान बनवले. त्याचे नाव 'कृषक'. शेतकऱ्याचे नाव तोफांच्या डोळ्याला कसे मिळाले, असा प्रश्न पडतो. पण शेतातल्या पट्ट्यावरून उठून पिकासारखी जमीन न्याहाळणाऱ्या विमानाला ते शोभते. कृषक १९६५ मध्ये सैन्यात आले आणि सत्तरच्या दशकात त्याची जागा चीता हेलिकॉप्टरने घेतली. या साऱ्या काळात जुनी तडजोड चालूच होती: वैमानिक तोफखान्याचे, घर हवाई दलाचे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी भारतीय स्थलसेनेची स्वतंत्र हवाई शाखा स्थापन झाली आणि पाहणारा व बोलणारा एका छपराखाली आले. २००३ साली या शाखेची प्रशिक्षण शाळा नाशिकरोडला निघाली, म्हणजे देवळालीपासून हाकेच्या अंतरावर. सियाचिनच्या बर्फावर उडणाऱ्या पथकाचा क्रमांक ६६६ आहे. तो ६५१ पासून सुरू झालेल्या त्या जुन्या मालिकेचीच आठवण देतो.

आपल्या भाषेचा यात काय संबंध

आज लक्ष्य हेरण्याचे काम बरेचसे ड्रोन आणि रडार करतात. चित्र थेट पडद्यावर येते, आकडे संगणक काढतो. बोलण्याचा वाटा आटत चालला आहे. म्हणूनच बोलून नेम धरणाऱ्या त्या पिढ्यांची भाषा नोंदवून ठेवण्याची वेळ आताच आहे.

या इतिहासातून अध्यापकांनी उचलावी अशी एक गोष्ट मी माझ्या वर्गात वापरतो. दोन विद्यार्थी पाठीला पाठ लावून बसतात. एकासमोर एखाद्या वाड्याचा नकाशा, दुसऱ्यासमोर कोरा कागद. पहिल्याने फक्त शब्दांनी तो नकाशा दुसऱ्याकडून काढून घ्यायचा. पहिल्या फेरीत ऐकणाऱ्याने काही विचारायचे नाही. दुसऱ्या फेरीत विचारायची मुभा. पहिल्या फेरीत 'तिथे', 'असे', 'थोडेसे' हे शब्द किती निरुपयोगी आहेत ते कळते. दुसऱ्या फेरीत कळते की चांगल्या वर्णनाचा निम्मा भार चांगल्या प्रश्नावर असतो. कापडाच्या पट्ट्या अंथरून उत्तर देणाऱ्या तुकडीपासून बिनतारीवर 'सुटला' म्हणणाऱ्या तुकडीपर्यंतचा प्रवास विद्यार्थी पाऊण तासात करतात. वर्णनात्मक निबंधात विशेषणांची आरास करणारी मुले या तासानंतर दिशा, अंतर आणि क्रम सांगू लागतात. विशेषणे नंतर आली तरी चालतात.

दुसरी गोष्ट कोशकारांसाठी आणि अभ्यासकांसाठी. मराठीत युद्धाचा शब्दसंग्रह विपुल आहे, पण तो बखरी आणि पोवाड्यांच्या काळाशी थांबल्यासारखा दिसतो. त्यानंतरचे सैनिकी जीवन मराठी माणसांनी जगले इंग्रजी-हिंदीमिश्रित बोलीत, आणि ती बोली घरी आली तेव्हा मराठी झाली. गोवळकोंड्याला आणि नाशिकरोडला तोफखान्याची केंद्रे आहेत, महूला लष्कराचे दूरसंचार महाविद्यालय आहे, बेळगावला मराठा रेजिमेंटचे केंद्र आहे. हैदराबाद, इंदूर, बेळगाव ही आपल्या भाषेची जुनी घरे आणि सैन्याची ही ठाणी शेजारी शेजारी आहेत. तिथून निवृत्त झालेले गोलंदाज, बिनतारीवाले, विमानांचे कारागीर आपल्या गल्ल्यांत राहतात. 'बॅटरी', 'ओपी', 'ग्रिड', 'बेअरिंग' या शब्दांना ते मराठी वाक्यात कसे बसवतात, 'पुढे' आणि 'मागे' कोणाच्या बाजूने मोजतात, घाईत कोणता शब्द आखडतात, हे त्यांच्याकडूनच ऐकायला हवे. एम.ए.च्या प्रकल्पासाठी विद्यार्थी विषय शोधत असतात. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला याहून जिवंत क्षेत्रकार्य सहसा मिळणार नाही.

भारतीय भूमीवर घडलेल्या या इतिहासाचा मोठा भाग इंग्रजीत, पथकांच्या नोंदींत आणि अधिकाऱ्यांच्या आठवणींत आहे. त्यात आकाशातून बोलणारा आवाज आहे. जमिनीवर उभे राहून तो ऐकणारा, तोफेची नळी वळवणारा आणि 'सुटला' म्हणणारा आवाज मात्र पुष्कळदा आपला होता. तो मराठीत लिहून ठेवण्याचे काम आपल्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही.